अकरा घरे, कागद शून्य

गोव्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात टेबलापलीकडच्या बाईंनी माझी कंत्राटदार-नोंदणीची फाईल पुढून मागे, मागून पुढे चाळली आणि विचारले, “यापूर्वी काय बांधलंत?”

“अकरा घरं. बाराव्याची प्लिंथ झालीय.”

“पुरावा?”

काय सांगणार? डिचोलीहून साखळीला जाणाऱ्या कदंब बसमध्ये डावीकडच्या खिडकीला बसलात, तर माझी दोन घरे रस्त्यावरूनच दिसतात. एकाला पिवळा रंग, दुसऱ्याच्या पुढ्यात मोठे तुळशीवृंदावन. तेच सांगितले. बाई हसल्या, पण कुचेष्टेने नाही. “घर दिसतं हो. ते तुम्ही बांधलंय, हे कुठं दिसतं?”

फाईल परत माझ्या हातात आली. पहिल्यांदा.

आमचे बाबा गवंडी. चिऱ्याच्या भिंतीत त्यांचा हात असा, की ओळंबा लावायचा तो फक्त मालकाचे समाधान व्हावे म्हणून. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, पण तरुणपणी डोक्यात खाण शिरली. आमच्या पट्ट्यात ज्याच्या दारात टिपर तो शहाणा, अशी ती वर्षे होती. कर्ज काढून एक टिपर घेतला आणि सोबत गावातली घरेही बांधत राहिलो. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. नंतर थोड्या सुरू झाल्या. मग 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 लिजांचे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून सगळे थांबले. टिपर दारात उभा राहिला तो उभाच. चाकांखाली गवत उगवले.

घरांची कामे तरी चालतील असे वाटले होते. पण घर बांधणाराही खाणीवरच जगत होता. कोणाचा ट्रक, कोणाचे गॅरेज, कोणाची कँटीन. एकाने घर प्लिंथवर सोडले. दुसऱ्याने स्लॅबसाठी आणलेले लोखंड परत विकले. तेव्हा ठरवले, आता सरकारी कामात शिरायचे. सरकारचे पैसे उशिरा येतात म्हणतात, पण येतात.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती. “काँट्रॅक्टरचं लायसन्स कुठं काढतात?” असे लोक विचारतात. गोव्यात एखाद्याचे खासगी घर बांधायला कंत्राटदाराला असा परवाना लागतच नाही. बांधकाम परवाना पंचायत देते तो मालकाच्या नावाने. जमिनीची सनद मालकाची, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी मालकाच्या अर्जावर, आराखड्यावर सही नोंदणीकृत अभियंत्याची किंवा वास्तुविशारदाची. त्या सगळ्या फाईलमध्ये, जो उन्हात उभा राहून घर उभे करतो, त्याचे नाव कुठेच नसते. वीस वर्षे मी असा बिननावाचा होतो आणि त्याचे काही वाटलेही नव्हते. आपण ज्याला लायसन्स म्हणतो ती असते सार्वजनिक बांधकाम खात्यात कंत्राटदार म्हणून झालेली नोंदणी. तिचे वर्ग असतात. तुम्ही ज्या वर्गात, त्याच्या मर्यादेपर्यंतच्याच कामाला निविदा भरता येते. नोंदणीला मुदत असते, ती संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. विजेच्या कामाचा परवाना पूर्ण वेगळा, त्याच्या वाटेला मी गेलो नाही.

कागद गोळा करायला बसलो तेव्हा पहिला अडथळा निघाला नावाचा. बाबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. त्यांच्या जन्मनोंदीत ‘श’ लिहायला तेव्हाच्या लिपिकाने आपल्या पद्धतीप्रमाणे एक्स हे अक्षर वापरलेले. माझ्या शाळेच्या दाखल्यात तेच नाव एस-एचने, पॅन कार्डावर नुसत्या एसने. मामलेदार कचेरीत निवासाच्या दाखल्यासाठी गेलो तर बाबांची तीन माणसे झाली होती. शेवटी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केले की हे तिघेही एकच. घरी बाबांना सांगितले तर म्हणाले, “तिघं असतो तर एकाला तरी शेतात पाठवला असता.”

दुसरे प्रतिज्ञापत्र नातेवाइकांचे. खात्यात, आपल्या कामाशी संबंध येणाऱ्या हुद्द्यावर, जवळचा नातेवाईक आहे काय ते लिहून द्यायचे. नियम योग्यच आहे. पण जवळचा म्हणजे कोण, याची व्याख्या वाचली आणि डोके धरले. आईबाप, भावंडे, काका-मामा इथपर्यंत ठीक. पुढे चुलत, मावस, मामे भावंडे आणि त्यांच्या सासरची माणसे! डिचोली-सत्तरीत या हिशेबाने कोण कोणाचा नाही? एका रात्री आईला समोर बसवून यादी केली. आईला अशी कामे फार आवडतात. दहा वाजता सुरू केले, बारा वाजेपर्यंत आम्ही अजून तिच्या माहेरातच होतो. तीन माणसे सरकारी नोकरीत निघाली. एक शिक्षिका, एक कदंबचा कंडक्टर, एक पाणीपुरवठ्याकडे पंप चालवणारा. पंपवाल्याचे काय करायचे हे कळेना. बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “लिहा. लपवलं तर घोटाळा, लिहिलं तर काही नाही.” लिहिले. काही झाले नाही.

मग बँक. नोंदणीसाठी बँकेचा सॉल्व्हन्सीचा दाखला लागतो, म्हणजे हा माणूस इतक्या रकमेपर्यंत पत असलेला आहे असे बँकेने लिहून द्यायचे. मॅनेजरने माझे खाते उघडले. टिपरचे हप्ते गेलेले दिसत होते, डिझेल दिसत होते. घरांचे पैसे? ते तर कधी खात्यात आलेच नव्हते. मालक शनिवारी रोख देणार, मी त्यातून संध्याकाळी मजुरी वाटणार, उरले ते हिच्या हातात. असाच आमचा व्यवहार. मॅनेजर म्हणाला, “घर तारण दाखवा.” आता आमचे घर म्हणजे मुंडकाराचे घर. भिंती आमच्या, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नाव भाटकाराचे, आमचे नाव मुंडकार म्हणून. कायद्याने जागा विकत घेण्याचा हक्क आहे. बाबांनी अर्ज करतो करतो म्हणत तीस वर्षे काढली. चाळीस पावसाळे काढलेले घर, पण बँकेच्या कामाचे नाही.

शेवटी टिपर विकला. किती आले ते लिहीत नाही, लाज वाटते. तेव्हा अख्ख्या तालुक्यात टिपर विकायलाच काढलेले, घेणारा कोण? आले त्याची मुदत ठेव केली आणि त्या ठेवीवर दाखला मिळाला. नेताना ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आई आत होती, ती सवयीने म्हणाली, “आला गो तो.”

आता मूळ दुखणे, अनुभवाचा पुरावा. मी ज्या वर्गासाठी अर्ज केला होता त्याला मागच्या काही वर्षांत पूर्ण केलेल्या कामांचे दाखले हवे होते. सरकारी काम असेल तर त्या खात्याच्या अभियंत्याचा पूर्णत्वाचा दाखला. खासगी असेल तर मालकाच्या पत्रासोबत पैसे मिळाल्याची खूण, म्हणजे बिलातून कर कापल्याचे प्रमाणपत्र. मी सगळ्या घरमालकांकडे फेरी मारली. पत्र द्यायला सगळे तयार. एकाने तर इतके सुंदर मराठीत लिहिले की वाचून मीच माझ्यावर खूश झालो. पण कर? तेव्हाच्या, 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 194-सी प्रमाणे कंत्राटदाराचे पैसे देताना कर कापायचा असे. मात्र स्वतः राहण्यासाठी घर बांधणाऱ्या साध्या माणसाला ते बंधन नव्हते. त्यामुळे त्यांनी कापला नाही यात त्यांची चूक नाही. आणि मी बिलच दिले नव्हते, त्यात माझी होती.

फाईल दुसऱ्यांदा परत.

तेव्हा एका जुन्या कंत्राटदाराने सल्ला दिला. हा माणूस बाबांना मामा म्हणतो, म्हणून आपुलकीने बोलला. “घरं सोड. अशा माणसाचं काम धर जो चेकने पैसे देतो आणि कर कापतो. फायदा नको बघू. कागद बघ.” तशी एक संधी जवळच होती. एका देवस्थानाला अग्रशाळेची, म्हणजे भक्तांच्या उतरण्याच्या खोल्यांची, दुरुस्ती करायची होती. सहा खोल्यांचे छप्पर, नवी शौचालये, मागची संरक्षक भिंत. गोव्यात देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज काळापासून आलेल्या कायद्याने चालतो. महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या सभासद घराण्यांची, समिती असते आणि वर प्रशासक म्हणून मामलेदार. त्यामुळे तिथे रुपयाचाही हिशेब कागदावर. तीन दरपत्रके मागवली होती. माझे सर्वांत कमी होते, कारण मी त्यात नफा धरलाच नव्हता.

14 लाखांचे काम. देवाचे काम म्हणून लोक कमी त्रास देतील असे वाटले होते, पण प्रत्येक महाजन स्वतःला अभियंता समजत होता. एकाला खिडकी पूर्वेला हवी, दुसऱ्याला ती असलेलीच नको. पावसाआधी छप्पर झाकले नसते तर माझे काही खरे नव्हते. सात जूनला शेवटची कौले चढली, आठला रात्री पाऊस. बिल चेकने मिळाले, 1 टक्का म्हणजे 14 हजार कापून. काही दिवसांनी सीएच्या कार्यालयात संगणकावर फॉर्म 26-एएस उघडला. त्यात माझ्या पॅनपुढे देवस्थानाचे नाव आणि ती रक्कम. कर कापला गेल्याचा आनंद झालेला मी पहिलाच माणूस असेन. त्या कामात हातात जवळजवळ काही उरले नाही, हे हिला अजून पटलेले नाही.

जीएसटीचेही याच काळात शिकलो. बांधकामाचे कंत्राट सेवेत धरतात, आणि सेवेला वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावरच नोंदणी सक्तीची. पण निविदा भरायची तर नंबर हवाच, म्हणून आधीच घेतला. घेतला आणि विसरलो. काम नाही तर विवरणपत्र कशाला, असा माझा समज. शून्य उलाढालीचेही विवरणपत्र भरावे लागते आणि उशिराला दिवसाला 20 रुपये, हे चार महिन्यांनी कळले. नव्याने या वाटेने येणाऱ्याला एवढेच सांगेन: नंबर घेतलात त्याच दिवशी महिन्याचा सीए बांधा.

मजुरांच्या कागदांसाठी पणजीला पाटो भागातल्या श्रमशक्ती भवनात गेलो. माझ्याकडे सात-आठ माणसे. बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्याची नोंदणी दहा माणसांपासून, भविष्य निर्वाह निधी वीसपासून. म्हणजे सक्ती नव्हती, पण निविदांच्या अटींत नंबर मागत होते, म्हणून स्वेच्छेने काढले. (हे तेव्हाचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आता जाणाऱ्याने नवे नियम पाहूनच जावे.) तिथे आणखी एक कळले. वर्षात 90 दिवस बांधकामावर राबलेल्या, 18 ते 60 वयाच्या मजुराला कल्याण मंडळात लाभार्थी म्हणून नाव घालता येते. माझा सेंट्रिंगवाला तेरा वर्षे माझ्याकडे आहे. ते नाव मी तेरा वर्षांपूर्वीच घालायला हवे होते. त्याने मला कधी विचारले नाही, तो मला पात्रांव, म्हणजे मालक, म्हणतो. पात्रांवाला विचारायचे नसते.

फाईल तिसऱ्यांदा नेली ती घेतली गेली. मधे ती एका कचेरीतून दुसरीकडे जाताना महिनाभर कुठे होती ते देवाला माहीत. मी दर सोमवारी फेरी मारत होतो. पाचव्या सोमवारी शिपाई लांबूनच हाताने “ये ये” करू लागला. नोंदणीचे पत्र म्हणजे साधे एक पान. वरती वर्ग, खाली सही. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि विचारले, “यात फोटो नाही?”

पहिली निविदा मी स्वतःच्या हाताने घालवली. निविदा ऑनलाईन. डिजिटल सहीचा पेनड्राईव्ह, दोन लिफाफे, एकात कागद, दुसऱ्यात दर. लिफाफे म्हणायचे, असतात फायलीच. मी शेवटच्या दुपारी बसलो. तीनची वेळ, पावणेतीनला वीज गेली. भाचीच्या लॅपटॉपवरून मोबाईलच्या इंटरनेटने दर चढवले, पण तांत्रिक लिफाफ्यात एक पान स्कॅन होताना कापले गेले होते, सही नेमकी त्याच पानावर. बाद. दुसरी मिळाली नाही, कारण मी गोवा दरसूचीच्या दरानेच भरली होती आणि सर्वांत खालचा माणूस वीस टक्के खाली गेला होता. मला तो वेडा वाटला. जुना कंत्राटदार म्हणाला, “दर नको वाचूस, लीड वाच. त्याची चिरेखाण कामापासून किती लांब, तुझी किती?” माल किती अंतरावरून आणायचा, त्यालाच लीड म्हणतात. नकाशावर पाहिले. त्याची चिरेखाण कामाच्या मागेच होती.

तिसरी लागली. एका आरोग्य उपकेंद्राची कुंपणभिंत आणि मागच्या उताराला आधारभिंत, 8 लाखांच्या आतबाहेर. इथे मात्र माझी खरी परीक्षा झाली, कागदांची नव्हे. कनिष्ठ अभियंता मुलीच्या वयाची. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “काका, क्यूब भरा.” काँक्रीट ओतताना पंधरा सेंटिमीटरचे लोखंडी साचे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि प्रयोगशाळेत दाबून फोडायचे. एम-20 काँक्रीट असेल तर दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन भार सोसले पाहिजे. मी आयुष्यात क्यूब भरला नव्हता. बाबा मूठभर काँक्रीट दाबून पाहायचे, बोटांतून पाणी गळले की ओरडायचे, तीच आमची प्रयोगशाळा. शिवाय आम्ही सिमेंट, वाळू, खडी एकास दोनास चार या प्रमाणाने स्लॅब ओतत आलो, ते जेमतेम एम-15 च्या घरातले. एम-20 ला एकास दीडास तीन लागते, आणि 2000 सालच्या आय.एस. 456 प्रमाणे आरसीसीला त्याखाली जायचेच नाही. पहिले क्यूब फोडायला नेले त्या सकाळी मला जेवण गेले नाही. पास झाले. पण घरी आल्यावर मी त्या अकरा घरांपैकी तीन घरांवर सहज म्हणून जाऊन आलो. मालकांना वाटले चहाला आलो. मी स्लॅबला खालून बघत होतो.

आधारभिंतीच्या पायात जांभा खडक लागला. मातीच्या खोदाईचा दर वेगळा, खडकाचा वेगळा. मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले जाते त्यावर माझे तीस हजार अवलंबून होते. मी उत्साहात चर भरून टाकणार होतो, ती म्हणाली, “थांबा, आधी माप घेऊ, फोटो घेऊ. झाकलं की माझ्याकडे पुरावा नाही, तुमच्याकडेही नाही.” पुरावा हा शब्द ऐकून मला टेबलापलीकडच्या बाई आठवल्या.

बिलातून 1 टक्का आयकर, 1 टक्का मजूर कल्याण उपकर, जीएसटीचा 2 टक्के टीडीएस आणि सुरक्षा ठेव असे सगळे कापून उरलेले आले. जीएसटीचे कापलेले आपल्याच खात्यात जमा होते आणि पुढे वापरता येते, हे आता मला माहीत आहे. पहिल्या दिवशी मी ते गेलेच समजून बसलो होतो.

प्लिंथवर राहिलेले बारावे घर माझ्या मावसभावाचे. खाणीची आशा सोडून त्याने कर्ज काढले आणि काम पुन्हा सुरू कर म्हणाला. मी घरी जाऊन दोन पानी करारनामा पुढे ठेवला. कामाची यादी, दर, हप्ते, सगळे चेकने. त्याने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“मावशीच्या हातचं खाऊन मोठा झालास आणि आता सही मागतोस?”

मावशी आतून चहा घेऊन आली. कोणी बोलेना. चहावर साय धरली. मग त्याने पेन मागितले, पण सही करण्याआधी शेवटची ओळ खोडली आणि आपल्या हाताने लिहिले: काम गणेशचवथीच्या आठ दिवस आधी पुरे झाले पाहिजे, नाहीतर दिवसाला दोनशे रुपये दंड.

मी वाचले आणि खाली सही केली.